फ्लेक्सवरची कस्तुरा

कासारवाडीत अजून कुजबुज आहे की महिला दिनाच्या तोंडावर कस्तुराच्या फोटोला काळं फासलं ते साहेबरावांच्या विरोधकांनी. दोघे मोटारसायकलवरून आले, तोंडाला रुमाल बांधलेले, मागच्याच्या हातात डबा, असं कोपऱ्यावरचा पानवाला शपथेवर सांगतो. त्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं, पण शपथ घ्यायला दुकान कशाला उघडं लागतंय?

कस्तुरा कोण, ते आधी सांगतो. चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवते. वडील भीमराज पिंपरीत कारखान्यात होते, नवरा नवनाथ ट्रकवर असतो आणि बहुतेक गुजरातच्या रस्त्यावरच असतो. रंगानं कस्तुरा काळी. तुम्ही लगेच दचकलात, ठाऊक आहे मला. आपल्याकडे काळी मुलगी जन्मालाच येत नाही. लग्नाची माहितीपत्रकं काढून बघा. गोरी, निमगोरी, गव्हाळ, आणि अगदीच नाइलाज झाला तर सावळी पण नाकीडोळी नीटस. त्याच्या पुढं कागद संपतो. कस्तुरा त्या कागदाच्या पुढची.

शाळेच्या गॅदरिंगला तिला दरवर्षी झाडाचं काम मिळायचं. एका वर्षी राक्षसाचं मिळालं, तेव्हा घरात बढती झाल्याचा आनंद झाला. लग्नात पार्लरवालीनं तिला असं काही थापलं की अल्बममध्ये चेहरा एका मुलीचा आणि हात दुसरीचे दिसतात. सासूनं तो अल्बम वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवला, पण सून चहा घेऊन बाहेर यायच्या आत मिटून ठेवायची.

कंपनीत ती लागली पॅकिंगला. तिथं एका दिवाळीत फोर्कलिफ्टवाला गावाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हा ही चढली गाडीवर. शिफ्टमधले बाप्ये हसले. "वहिनी, हे काय पोळपाट-लाटणं हाय का?" ही म्हणाली, "पोळपाटावर चूक झाली तर पोळी फाटती. हितं तुमची बोटं जातील. सरका." सरकले.

तर यंदा साहेबरावांच्या मनात आलं की वॉर्डातल्या नऊ कर्तृत्ववान महिलांचा जाहीर सत्कार करावा. साहेबराव म्हणजे आमच्याकडचे भाऊ. नगरसेवक होता होता दोनदा राहिले, त्यामुळे जनसेवेची आग अजून विझलेली नाही. नऊ बायकांत एक कामगार हवी होती, म्हणून कस्तुरा. गल्लीच्या तोंडाशी बांबूवर फ्लेक्स चढला. वरच्या अर्ध्या भागात भाऊ हात जोडून, खालच्या अर्ध्यात नऊ बायका दाटीवाटीनं. आणि नऊच्या नऊ गुलाबी! एकाच दुधात भिजवून काढलेल्या नऊ खारका. कोणती डॉक्टरीण, कोणती अंगणवाडीवाली, काही पत्ता लागेना. कस्तुराच्या समोरच्या घरातल्या जाईबाई, वय झालेल्या, जुन्या गाववाल्या, काठी टेकत फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि कस्तुरालाच विचारू लागल्या, "ह्यात तू कुटं हायेस गं?"

"ही काय जाईआत्या, खालून पहिली."

"न्हाई गं. ही कुनी टीव्हीच्या शिरेलातली हाय."

कस्तुरा हसली. अशा गोष्टींवर हसायची तिला सवय आहे. हसू थांबलं ते घरात गेल्यावर.

घरात तिची लेक प्राजक्ता. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, रंग आईचा, आणि आवाज असा की गल्लीतलं कुठलंही निवेदन हिच्याशिवाय होत नाही. सत्काराचं सूत्रसंचालन तिलाच दिलं होतं. पोरीनं आठ दिवस आरशासमोर तयारी केली होती. पण त्या दिवशी ती गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. साहेबरावांच्या मंडळी विजयश्रीवहिनी सकाळी येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "आवाज तुझाच हं बाळा, त्याला तोड नाही. फक्त तू पडद्यामागून बोल. पुढं आमची रश्मी उभी राहील, ती नुसते ओठ हलवील. यूट्यूबवर लाईव्ह जायचंय ना, कॅमेऱ्याला जरा उजळ चेहरा लागतो." रश्मी म्हणजे त्यांची भाची. एरवी गरीब पोर, पण रंग कॅमेऱ्याच्या पसंतीचा.

कस्तुरा म्हणाली, "मग नाही म्हणून सांग त्यांना."

"कशाला? बरोबरच आहे त्यांचं," प्राजक्ता भिंतीलाच म्हणाली. "तुला फ्लेक्सवर गोरं करता आलं. मला स्टेजवर कसं करणार? लाईव्हला नीट नाही करता येत, मम्मी."

फोर्कलिफ्टवर दोन टन उचलणाऱ्या बाईला हे वाक्य उचलेना. पोरीला पडद्यापुढं आणायचं, एवढं एकच त्या दिवसापासून तिच्या डोक्यात बसलं.

पहिल्यांदा ती गेली फ्लेक्सवाल्या बंटीकडं. बंटी वॉर्डातला मोठा कलावंत. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली, सगळं त्याच्याच कॉम्प्युटरमधून निघतं. मेलेल्या माणसाला जाताना का होईना, तो एकदा गोरा करून सोडतो.

"बंट्या, माझा रंग कुठं गेला?"

"काकू, सगळ्यांना एकच ग्लो मारलाय. काय झालं, कमी पडला का?"

"जास्त झालाय. मला परत काळी कर."

बंटी माऊस सोडून बघतच राहिला. त्याच्या उभ्या धंद्यात अशी तक्रार आली नव्हती. "काकू, लोक मला शिव्या घालतात, ह्याला गोरा केला, मला का नाही म्हणून. आणि ओरिजनल ठेवलं तर प्रिंटमध्ये डाग वाटतो हो."

"भाऊंच्या कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तूच केलास ना? तो तर काळाकुळकुळीत होता."

"त्याला हात लावू नको म्हणाले भाऊ. अस्सल जातीचा आहे, रंग बदलला तर लोक ओळखायचे नाहीत."

यावर कस्तुरा चपला घालून निघाली. बंटीला आपलं बोलणं कुठं जाऊन पोचलं ते बहुधा रात्री जेवताना कळलं असेल, किंवा अजून कळायचं असेल.

घरी येऊन तिनं हे सांगितलं ते रेहेमाला. रेहेमा तिची वरच्या खोलीतली भाडेकरू, टांझानियाची पोरगी, आकुर्डीच्या कॉलेजात शिकते. ती राहायला आली तेव्हा अख्ख्या गल्लीला काही ना काही काम निघून कस्तुराच्या दारावरून जावं लागलं. एकीनं तर तिच्या केसांच्या बारीक वेण्यांना हात लावून पाहिला आणि हात पदराला पुसला. जाईबाईंनी सरळ विचारलं होतं, "तुज्या म्हायेरची का गं?" कस्तुरा म्हणाली होती, "व्हय, मावसबहीण." तेव्हापासून रेहेमा तिला आंटी म्हणते आणि जाईबाई रेहेमाला पाव्हणी म्हणतात.

रेहेमानं फ्लेक्सची गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसली. "आंटी, हमारे यहाँ भी सेम! वही क्रीम, वही गोरी लडकी हर बोर्ड पे. डब्बा अलग, बस. फोन का फिल्टर लगाती हूँ, तो मेरी नाक पतली कर देता है. मैंने बोला नहीं, फिर भी." मग गादीवरच्या प्राजक्ताकडं बघून ती हसायची थांबली. म्हणाली, "मेरी माँ भी लगाती थी वो क्रीम. गाल जल गया था उसका." प्राजक्तानं मान तिच्याकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गल्लीत हलकल्लोळ. फ्लेक्सवरच्या खालून पहिल्या बाईच्या तोंडाला कुणीतरी काळं फासलं होतं! बाकीच्या आठ जशाच्या तशा गुलाबी, एकटी कस्तुरा काळी. साहेबराव चपला न घालता धावत आले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्या दुःखाखाली कुठंतरी दिवाळी होती. इतकी वर्षं त्यांच्या फ्लेक्सकडं विरोधक बघतसुद्धा नव्हते, आता फासण्याइतकी दखल घेतली! लगेच निषेध झाला. "मातृशक्तीचा अपमान, नाही सहन करणार!" मग शुद्धीकरण. कार्यकर्त्यांनी डेअरीतून दुधाच्या पिशव्या आणल्या आणि फ्लेक्सला दुग्धाभिषेक घातला. भाऊंच्या जोडलेल्या हातांवरून दूध ओघळत खाली आलं, आठ बायकांच्या गालांवरून गेलं, कस्तुराच्याही गालावरून गेलं, पण रंग काही हलेना. गल्लीतल्या मांजरांनी मात्र महिला दिन आधीच साजरा केला.

हवालदार आले. त्यांनी एकदा फोटो पाहिला, एकदा शेजारी उभ्या कस्तुराला पाहिलं, परत फोटो पाहिला. "भाऊ, नुकसान नेमकं काय लिहू? चेहरा तर बाईंचाच आहे."

जाईबाईंनी काठी टेकली, डोळे बारीक केले आणि गर्दीत मोठ्यानं म्हणाल्या, "आता आली बगा वळखू! ही आमची कस्तुरा. कालपातुर कुनाचं थोबाड लावलं हुतं हितं?"

कुणी हसलं नाही. निषेध चालू होता ना.

संध्याकाळी साहेबराव कस्तुराच्या घरी आले. बाहेर दोन कॅमेरेवाले उभे करून आले होते. "वहिनी, तुम्ही आता एकट्या नाही. अख्खा वॉर्ड तुमच्या पाठीशी आहे. परवा तुमचा सत्कार पहिला. काही बोलू नका, फक्त स्टेजवर मधोमध बसा आणि मी बोलत असताना डोळ्याला पदर लावा. बाकी मी बघतो."

"लावीन की पदर," कस्तुरा म्हणाली. "पण माझी पोरगी पडद्याच्या पुढं उभी राहून बोलेल."

"तिचं ठरलंय ना वहिनी, आवाज तिचा..."

"मग माझंही तसंच ठरवा. मी पडद्यामागून रडते. पुढं रश्मीला बसवा. ती नुसता पदर लावील."

साहेबरावांनी विचार केला. काळं फासलेली बाई पडद्यामागं आणि पुढं गोरी रश्मी, हे लाईव्हला कसं दिसेल? "प्राजक्ता पुढं," ते म्हणाले. "प्राजक्ताच पुढं."

आत प्राजक्ता उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आठ मार्चला मांडव भरला. काळं फासल्याच्या बातमीनं माणसं लोटली होती. सत्काराला एवढी कधीच आली नसती. कस्तुरा मधोमध बसली, कंपनीत घालायचे बूट साडीखाली तसेच. पार्लरवाली पावडरचा डबा घेऊन प्राजक्ताकडं वळली, तर प्राजक्ता म्हणाली, "मला नको ताई. रश्मीला हवी का विचारा." रश्मीलाही नको होती. ओठ हलवायच्या कामातून सुटल्यामुळे ती आनंदानं गुलाबाची फुलं वाटत सुटली होती.

पोरीनं माईक हातात घेतला. कॅमेरेवाला पुटपुटला, "लाइट वाढवा रे." मग दुसऱ्या रांगेतून रेहेमानं दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की विजयश्रीवहिनींच्या हातातला नारळ सुटला, मांडव हसला, आणि त्या हसण्यावरच प्राजक्तानं सुरुवात केली. पहिलं वाक्य जरा चिरकलं. दुसऱ्यापासून मागच्या खुर्च्यांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. साहेबरावांचं भाषण लांबलं तेव्हा तिनं हसत हसत दोनदा त्यांना वेळेची आठवण करून दिली. भाऊंना असं टोकायची हिंमत आजवर त्यांच्या बायकोचीही झाली नव्हती.

लाईव्हच्या खाली एकानं लिहिलं होतं, 'लाइट गेली का?' प्राजक्तानं घरी येऊन ते वाचलं, थोडा वेळ फोन उलटा ठेवला, मग जेवली. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदन तिचंच होतं. पडद्यापुढं.

राहता राहिली ती कुजबुज. मोटारसायकल नव्हती, रुमाल नव्हते आणि विरोधकही नव्हते. फ्लेक्सवर रंग कस्तुरानं लावला, दुपारी गल्ली झोपलेली असताना, स्टुलावर उभं राहून. रंग काळा नव्हता. दाराला लावून उरलेला तपकिरी होता आणि लावण्याआधी तिनं तो आपल्या दंडाशी धरून जुळवून घेतला होता. स्टूल रेहेमानं धरलं होतं.