चिमूटभर हिंग

वाण्याच्या दुकानात एक आजी हिंगाची डबी डोळ्यांजवळ धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी ती परत ठेवली आणि मला म्हणाल्या, "यात गव्हाचं पीठ घालतात हो. आमच्या नातीला गहू चालत नाही."

माझ्या हातातही तशीच डबी होती.

माझ्या सईलाही गहू चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरातली कणीक गेली, रवा गेला, शेवया गेल्या. ऑफिसला पळण्याआधी दहा मिनिटांत मी तिच्या डब्यासाठी ज्वारीची धिरडी घालते. गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, म्हणून ज्वारी घरीच मिक्सरवर दळते. एवढं सगळं सांभाळलं आणि रोज पिठात चिमूटभर हिंग घातला, पोटाला बरा म्हणून. तिचं पोट दुखलं की दुसऱ्या दिवशी थोडा जास्तच.

"यात गहू नाही ना?" असं ती विचारायची, तेव्हा मी म्हणायचे, "मी केलंय ना?"

किती खात्रीने आपण आपल्या माणसांना खाऊ घालतो! आत गेल्यावर त्याचं काय होतं, ते घालणाऱ्या हाताला कधी कळतच नाही.

आज पहिल्यांदा बिनहिंगाची धिरडी केली. सईने तव्याजवळ उभं राहूनच एक तुकडा तोंडात टाकला आणि हिरमुसली.

"आई, आज तुझ्या हातची चव नाही आली गं."