चांदबीचा हत्ती

पडदा वर जातो. कुंडलची अंगणवाडी. सतरंजीवर वीस चिमुरडी आणि मधोमध सेविका चांदबी, हातात आफ्रिकेतल्या लोककथांचं चित्रांचं पुस्तक. चाळीस वर्षं मी नाटक कंपनीत काढली, पण इतके गुंगलेले प्रेक्षक मला कधी लाभले नाहीत.

त्या दिवशी हत्तीची गोष्ट होती. नदीवर प्रत्येक प्राण्याची पाण्याची पाळी ठरलेली, पण हत्ती सोंड घालून सगळ्यांच्या वाटचं पिऊन टाकायचा. पोरांना हत्ती फार आवडला. दुसऱ्या दिवशी मोठे ऊस बागायतदार लालासाहेब रस्त्यानं निघाले, तेव्हा त्यांचं पोट आणि चाल बघून पोरं आनंदानं ओरडली, "हत्ती आला! चांदबीच्या गोष्टीतला, सगळ्यांचं पाणी पिणारा!"

लालासाहेब तडक अंगणवाडीत शिरले. पोरांना न्यायला आलेल्या आया दारातच थबकल्या.

"चांदबी, हे पुस्तक बंद कर, न्हाईतर तुझी नोकरी गेली म्हणून समज! पाळी नसताना कॅनॉलवर माझी पाणी उपसायची मोटार चालते, हे तुला सांगितलं कुणी?"

आयांनी एकमेकींकडं पाहिलं. कॅनॉलचं पाणी मधेच कुठं गडप होतं, हे कोडं गावाला तीन उन्हाळे सुटलं नव्हतं.

चांदबीचं घर या नोकरीवरच चालतं. तरी तिनं पुस्तक मिटलं नाही. हत्तीचं चित्र लालासाहेबांसमोर धरून ती अगदी अदबीनं म्हणाली, "आवं दादा, ही गोष्ट आफ्रिकेतली हाय. तुमी तिकडंबी मोटार बसवलीया व्हय?"