ताईचा शनिवार

ताई गेल्यापासून घरी जो येतो तो तिचा एखादा किस्सा सांगतो, चहा पितो आणि जातो. ढीग झालाय नुसता! काही तर माझ्या डोळ्यांसमोरचेच आहेत. मी आठवी नापास, गॅरेजवाला. ताई मुलुंडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. दर शनिवारी दुपारी तिथल्याच हॉलमध्ये गणित-फिजिक्सवर लेक्चर ठेवायची. कोणीही यावं.

*

एकदा विषय होता अनंत. ताई अशी रंगलेली! मागून शिपाई सावंतमामा उठले.

"मॅडम, अनंत पाचपर्यंतच हां. मग हॉल बॅडमिंटनवाल्यांचा."

*

ट्रॉम्बेहून एक मोठे शास्त्रज्ञ आले. अणूवर तासभर बोलले आणि म्हणाले, "काही शंका?" पहिल्या रांगेतून आमच्या मालवणी आईचा हात वर!

"जेवलस काय रे, झिला?"

साहेब खरंच उपाशी होते!

*

सूर्याचा उजेड आपल्याकडे यायला आठ मिनिटं लागतात, ताई सांगत होती. मी मध्येच ओरडलो, "म्हणजे सूर्य विझला तरी आठ मिनिटं आपल्याला कळणारच नाही?"

"नाही. तेवढ्यात तू चहा टाक."

*

हॉस्पिटलमध्ये तिला एकच घोर. "शनिवार बंद पडायचा नाही हां. वैशाली लेक्चर घेईल. तू जायचंस." वैशाली तिची लाडकी विद्यार्थिनी.

"तू नसलीस तर मी कशाला मरायला जाऊ?"

"मग खुर्च्या कोण लावणार? तुझा बाप?"

"बाप एकच आहे गं आपला!"

खोकला येईपर्यंत हसली. बुधवारी गेली.

*

सुतक फिटल्यावरच्या शनिवारी गेलो. खुर्च्या लावल्या. हॉल भरला. वैशालीने छताच्या हुकाला दोरीने लोखंडी गोळा टांगला, गोळाफेकीचा. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, गोळा नाकापर्यंत ओढला. "सोडला तिथवरच परत येईल. पुढे नाही." आणि सोडला.

गोळा लांब गेला, फिरला, तिच्या तोंडावर यायला लागला. मी खुर्च्या पाडत धावलो आणि तिला खस्सकन बाजूला ओढलं.

"वेडी झालीस काय! तुला काही झालं असतं तर?"

पोरं हसली.

वैशालीने गोळा थांबवला, मला भिंतीशी उभं केलं, गोळा माझ्या नाकाशी आणून हातात दिला.

"दादा, ढकलायचा नाही. हलायचं नाही."

सोडला.

गोळा गेला, फिरला, थेट माझ्यावर आला. मी डोळे उघडे ठेवले.

नाकाला नुसता वारा लागला.