हौद्याची लांबी

काचवाल्याबद्दल काकांना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. नऊ वर्षं एकाच जिन्यावर राहून त्यांनी त्याचं घर आतून कधी पाहिलं नव्हतं. एवढंच माहीत, की तो काच कधी आडवी नेऊ देत नसे. म्हणायचा, "आडवी काच स्वतःच्याच वजनानं जाते." लाकडी घोडीवर उभी टेकवून, आवळून बांधून न्यायचा.

जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा नव्या पिकअपचं माहितीपत्रक घेऊन तो काकांकडे आला. काकांचा जन्म कचेरीत तक्ते तपासण्यात गेलेला.

"काका, त्या सेल्समनचं तोंड म्हणजे चालू नळ. मी विचारतो हौदा केवढा, तो दाखवतो स्क्रीन केवढी."

टेकडीवरच्या शाळेच्या खिडक्यांचं काम त्याला मिळालं होतं. सहा फुटी घोडी हौद्यात मावायला हवी, चढावर चारही चाकं ओढायला हवीत, आणि बायको नि मेहुणा कामावर बरोबर, म्हणजे मागं बसायला जागा. बेस मॉडेलचा हौदा ऐसपैस, पण मागची सीट नाही, ओढही दोनच चाकांची. टॉप मॉडेलला सगळं होतं, छताला खिडकीसुद्धा, फक्त ओझं कमी वाहायचं.

"जितकी भारी गाडी तितकं ओझं कमी?"

"गाडीचंच वजन वाढतं ना."

"आमच्या साडूसारखं. थाट मोठा, काम शून्य."

उरलं मधलं मॉडेल, मागची सीट आणि चारही चाकांची ओढ असलेलं. ते शोरूममध्ये नव्हतं, त्यामुळे मोजून बघायची सोय नव्हती. काकांनी चष्मा पुसला, बारीक अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "सहा फूट दोन इंच. मावेल." काचवाल्यानं त्याच दिवशी गाडी नोंदवली.

गाडी आली. घोडी ठेवली तर हौद्याचा मागचा फाळका लागेना, घोडी वीतभर बाहेर. काकांनी घरी येऊन तक्ता पुन्हा काढला. बोट एक रकाना घसरलं होतं. त्यांनी वाचलेला आकडा बेस मॉडेलचा होता.

"नोंदवलेली गाडी परत घेत नाही म्हणतात," काचवाला म्हणाला. "बघू, फाळका उघडा ठेवून नेतो."

काचा तशाच नेल्या. चढावर बाहेर राहिलेली टोकं हादरली आणि पहिल्याच खेपेला चार तावदानं गेली, दुसऱ्या खेपेला सहा. घोडी कापावी तर मोठं तावदान टेकणार कशावर? शाळेनं काम दुसऱ्याला दिलं. काचवाला काकांना एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या मनात काय होतं, ते काकांना कधीच कळलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. चूक कबूल करायला ते दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले आणि पायपुसण्यावरूनच परत फिरले.

तीन महिन्यांनी तो दुसऱ्या गावी एका कारखान्यात नोकरीला निघाला. हौद्यात कपाट, गाद्या, भांडी भरली होती. काका खाली उतरले. वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण जिभेवर येईना. काचवाल्यानं गाडी मागं घ्यायला सुरू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, मागं काही आहे का बघा."

"काही नाही. ये."