मासे खाऊन जगणारी माणसं

"ए, लिटनी बंद कर. हा रोमचा इतिहास आहे, क्रुसाचा ओटा नाही."

सर असं बोलले आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मागून दोघातिघांनी सूर लावला, "ओऽऽरा प्रो नोऽऽबिस!" परत हसले.

मी उभी. हातात लॅटिनचं पुस्तक. काय चुकलं तेच कळेना. आम्ही पाचूबंदरचे कोळी, ख्रिस्ती. मे महिन्यात संध्याकाळी सगळे ओट्यावरच्या क्रुसासमोर जमतात, माझे बाबा लॅटिनमधली लिटनी, म्हणजे प्रार्थना, गातात आणि बाकीचे मागून 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात. अर्थ कोणालाच माहीत नाही, चाल सगळ्यांना पाठ. मी आयुष्यात लॅटिन ऐकलं ते तेवढंच. म्हणून तर शाळेत फ्रेंच सोडून लॅटिन घेतलं. वाटलं, अरे, हे तर आपलंच आहे! आणि धड्यातली, रोमन इतिहासकाराने लिहिलेली लढाई मी त्याच चालीत वाचली. घोडे, सैनिक, नदीवरचा पूल, सगळं गाऊन.

बाजूला वटार गावची मुलगी बसते. तीही चर्चची, तीही तीच लिटनी गाते. सगळ्यात जोरात तीच हसली. ते बागायतवाले ना. आम्ही मासळीवाले.

मग सर म्हणाले, "पुढच्या वाक्याचा अर्थ हिलाच सांगू दे. हिच्याच लोकांबद्दल आहे."

वाक्य काय, तर नदीच्या मुखाशी बेटांवर रानटी लोक राहतात, मासे आणि पक्ष्यांची अंडी खाऊन जगतात.

पोरांनी नाकं दाबली. सरांनी पण. गंमत म्हणून.

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "सर, हा लेखक त्यांच्या घरी जेवला होता का? की तुमच्यासारखंच नाक दाबून लांबून लिहिलं? मी नाही सांगणार अर्थ."

सरांनी नाकावरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. बाजारातून तशीच आली, टोपली गेटवर ठेवून. सरांनी तिला स्टाफरूममध्ये घेतलं नाही. खिडकीबाहेर उभी केली. तिने हात जोडले. "सर, पोर हाय. मी मागते ना माफी."

"तुम्ही नाही. तिने. सोमवारी, वर्गासमोर. नाहीतर परीक्षेला तिचं नाव जाणार नाही."

माझी फ्री सीट आहे, फी माफ. परीक्षा नाही तर सीट नाही, सीट नाही तर शाळा नाही.

घरी आई, "बाय, एक शब्दच तर हाय. बोल ना." बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "बोलून टाक गो. आपुन कोन मोठे?" मी चर्चमध्ये फादरकडे गेले, तर तेही म्हणाले, "नमतं घे बाळा."

सर काय बोलले होते, ते एकानेही विचारलं नाही. एकानेही!

सोमवार. सर म्हणाले, "हं, बोल."

मी उभी राहिले. सगळे बघतायत. सॉरी अगदी ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. मग त्या दिवशीची खिडकीबाहेरची आई डोळ्यांसमोर आली, तिचे जोडलेले हात आले. माफी तर तिची मागायला हवी होती. त्यांनी.

बोललेच नाही. तास संपला.

परीक्षेला माझं नाव गेलं नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आई माझ्याशी बोलत नाही. सर मजेत आहेत. पुढच्या वर्षी हेच वाक्य शिकवतील, आमच्यातल्याच कोणाला तरी उभं करतील.

आता शाळेतून काढतील. काढू देत. काढेपर्यंत मी रोज जाणार, त्याच बाकावर बसणार आणि माफी मागणार नाही.