खोटं नेटवर्क

लग्न ठरलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अर्धाच झाला होता. सांगलीच्या आमच्या कॉलेजात नेटवर्क म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून मैत्रिणीने नि मी ते एकाच कम्प्युटरच्या आत उभं केलं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर परदेशातल्या लोकांनी फुकट देऊन टाकलेलं. कोडही उघडा, ज्याला जमेल त्याने सुधारावा. मैत्रिणीच्या भावाने ते पुण्याहून फ्लॉप्यांवर आणलं. शंभर कम्प्युटर जोडायचे, मधलीच एक तार तोडायची आणि निरोप दुसऱ्या वाटेने पोचतो का ते बघायचं. पोचत नव्हता. चूक आमची नव्हे, त्या सॉफ्टवेअरचीच निघाली. ती मी शोधली आणि दुरुस्तही केली. इतका आनंद मला नंतर फारसा झालेला नाही.

लग्न झालं आणि मी माहेरच्या पलूसहून साताऱ्याकडच्या औंधला सासरी आले. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. ती दिली नाही तर डिग्री नाही. सासरे सैन्यातून निवृत्त झालेले, माणूस सरळ. ते जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"मामा, सांगलीला जायचं हुतं. प्रोजेक्टची परीक्षा हाय."

"काय केलंयस त्यात?"

"शंभर कम्प्युटरचं नेटवर्क."

"शंभर? कुठं ठेवल्यात?"

"ठेवलेलं न्हाईत. खरं न्हाईतच ते. हायत असं मानायचं नुसतं."

ते भाकरी मोडायचे थांबले. "म्हंजे खोटंच की. अंगाची हळद उतरली न्हाई, आन् खोट्यापायी सांगली गाठायची? ऱ्हाऊ दे पोरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या, नवऱ्यानेही. शंभर खरेच आहेत म्हणून ठोकून द्यायला हवं होतं, हे मला ताटं उचलताना सुचलं. राग यायला हवा होता, तोही आला नाही. परीक्षेच्या दिवशी मी दुपारभर शेंगा फोडल्या.

दिवाळीच्या सुमारास मैत्रीण औंधला आली. ती पास झाली होती. माझी दुरुस्ती तिने त्या परदेशी लोकांना कळवली होती आणि त्यांनी ती नव्या आवृत्तीत घेतली होती. त्यात ज्यांचे आभार मानले होते त्यांची नावं तिने घराच्या पुढच्या सोप्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवली. जिभेला न वळणारी चारपाच झाली आणि मग माझं आलं, वडिलांच्या आडनावासकट.

सासरी माझं नाव लग्नातच बदललेलं. वाती वळत बसलेल्या शेजारणीने विचारलं, "ही कोण म्हणायची?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं.

"हुती एक," मी म्हणाले, "आमच्या वर्गातली." आणि चहा ठेवायला आत गेले.