विहिरीतले पाणी कोणाला सांगावे?

गंभीर कामाच्या ठिकाणी किस्से अधिक साठतात, असा माझा अनुभव आहे. जिथे माणसे हसण्यासाठीच जमतात, तिथून घरी येताना हाती काही राहत नाही. उलट जिथे प्रत्येक जण मान खाली घालून कामात असतो, तिथे एखादे वाक्य असे निसटते की ते पुढे कित्येक दिवस चहाबरोबर पुरते. विद्यापीठातल्या भूजल संशोधनाच्या खोलीत माझ्याजवळ असा बराच साठा झाला आहे.

मी तिथे कसा पोहोचलो, हे आधी सांगितले पाहिजे. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात माझी सारी नोकरी झाली. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण छापायला आलेल्या मजकुरावर आणि विकत घेतलेल्या पुस्तकांवर झाले, आणि ते कमी पडले असे मला कधी वाटले नाही. निवृत्तीनंतर डॉ. शिंदेबाईंनी बोलावले. त्यांच्या चमूची वेबसाइट गावकऱ्यांना वाचता येईल अशा मराठीत त्यांना हवी होती.

या चमूचे तत्त्व एकच: सगळे खुले. निष्कर्ष तर सगळेच छापतात. हे लोक मोजमापे, आकडेमोड, त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम आणि झालेल्या चुकासुद्धा इंटरनेटवर ठेवतात. कोणीही पाहावे, कोणीही तपासावे. बाई प्रमुख. दौलताबादची नसरीन पीएच.डी. करते, विहिरींतले पाणी मोजणे हे तिचे काम. संदीप फुलंब्रीजवळच्या गावातून मोटारसायकलने येतो. संगणकाचे सर्व त्याच्याकडे. मला तिघेही नाना म्हणतात.

*

संदीपने एक व्यवस्था बसवली आहे. फाइलमध्ये कोणी काहीही बदलले की बदलणाऱ्याचे नाव नोंदले जाते, आणि बदल का केला याचे कारण लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. हा सारा इतिहास जगाला खुला.

एका दुपारी बाई प्रथमच तो इतिहास वाचायला बसल्या. नसरीनने एका आकृतीत बरेच बदल केले होते. पहिल्या बदलाचे कारण होते, ‘मॅडम म्हणाल्या म्हणून.’ दुसऱ्याचे, ‘पुन्हा मॅडम म्हणाल्या म्हणून.’ तिसऱ्याचेही तेच. शेवटच्या नोंदीत लिहिले होते, ‘मॅडमचं चुकलं होतं. आधीसारखं केलं.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. “संदीप, हे काढून टाकता येईल?”

“नाय मॅडम. काढलं तर काढल्याचीबी नोंद ऱ्हाती.”

नसरीन खिडकीबाहेर पाहत होती. बाईंनी ती आकृती पुन्हा उघडली, बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, “मग राहू दे. कारण बरोबर लिहिलंय.”

*

पाणी कसे मोजावे याची कृतीही वेबसाइटवर ठेवायची होती. बाईंचा दंडक असा की, ज्याला त्या कामातले काहीच ठाऊक नाही, त्याला केवळ वाचून ती कृती करता आली पाहिजे. अशा माणसाचा शोध सुरू झाला आणि तिघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

विद्यापीठाच्या आवारातल्या विहिरीवर आम्ही गेलो. मोजणीच्या टेपच्या टोकाला पाणी लागले की वर बारीक शिटी वाजते. माझ्या हातातल्या कागदावर लिहिले होते, ‘टेप हळूहळू खाली सोडत जावा.’ मी हळूहळू सोडत गेलो. शिटी वाजली. मी सोडत राहिलो. शिटी वाजत राहिली.

“नाना, बस करो,” नसरीन म्हणाली. “आवाज आला ना.”

“आवाज आल्यावर काय करायचे, ते इथे लिहिलेले नाही.”

“पन समजतं की, नाना.”

“समजणारा माणूस तुम्हाला नको होता.”

टेप संपला तेव्हा मी थांबलो. संदीप कठड्याला टेकून पोट धरून हसत होता. बाईंनी मात्र तिथेच कागदावर एक ओळ वाढवली: शिटी वाजताच थांबावे. त्या ओळीच्या इतिहासात कारण म्हणून माझे नाव नोंदले आहे. वीस-पंचवीस पुस्तकांची मुद्रिते मी तपासली, पण छापील जगात माझे नाव आलेले ते पहिलेच स्थळ.

*

नसरीनचे पहिले काम सार्वजनिक विहिरींवरचे होते. ते खुले झाले तेव्हा संदीपने त्याचा क्यूआर कोड छापून दिला. नसरीनच्या वडिलांचा दौलताबादच्या किल्ल्याखाली चहाचा गाडा आहे. त्यांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून गाड्यावर लावला, चहाचे पैसे घेण्याच्या कोडाच्या शेजारी, त्याहून मोठ्या आकारात.

एकदा आम्ही सगळे तिथे चहा घेत असताना किल्ला उतरून आलेल्या एका पाहुण्याने मोठ्या कोडावर मोबाइल धरला आणि गोंधळून विचारले, “चाचा, ये नौ मीटर क्या है? मैंने तो दो चाय ली थी.”

“पैसे बाजूवाले में डालो,” वडील शांतपणे म्हणाले. “ये मेरी बेटी का है. देख लो, देखने का कुछ नहीं लगता.”

पाहुण्याने खरोखर पाहिले. जाताना तो विचारून गेला की त्यांच्या गावच्या विहिरी कोण मोजते.

*

पुढचे काम संदीपच्या गावात होते. तिथला नाला खोल केल्यावर आसपासच्या विहिरींचे पाणी कुठवर वाढले, हे नसरीनला दाखवायचे होते. त्यासाठी कित्येक उन्हाळे ती रणरणत्या उन्हात बांधाबांधाने फिरली. शेतकऱ्यांनी विहिरी मोजू दिल्या, वर ताकही पाजले. संदीपने नकाशा केला: विहिरीवर बोट ठेवावे आणि नसरीनने शेवटचे मोजलेले, म्हणजे आजचे, पाणी दिसावे. चमूच्या तत्त्वाप्रमाणे तो लगेच खुला झाला.

त्या गावात एक रीत आहे, जी संदीपला जन्मापासून ठाऊक होती आणि नेमकी त्या दिवशी आठवली नाही. आपल्या विहिरीत पाणी किती, हे तिथे कोणी सांगत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले: “काय ऱ्हायलंय आता.”

संदीपचे चुलते रंगनाथकाका यांनी हेच उत्तर शेजारच्या बबनरावांना दिले होते. बबनरावांची मोसंबीची बाग सुकत चालली होती आणि त्यांनी काकांकडे थोडे पाणी मागितले होते. नकाशा खुला झाल्याच्या संध्याकाळी बबनराव मोबाइल हातात धरून काकांच्या ओसरीवर आले.

“रंगूभाऊ, विद्यापीठ म्हनतंय तुमच्या हिरीत लई पानी हाय.”

“मंग विद्यापीठालाच माग,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने विहिरी नकाशावरून काढायला सांगितल्या. बाईंनी नकाशा तात्काळ बंद केला. “मोजायची परवानगी आपण घेतली होती,” त्या म्हणाल्या, “दाखवायची घेतली नव्हती. चूक आपली आहे.” तसे त्यांनी वेबसाइटवर लिहिलेही.

पण नसरीनचे काम अडकले. तिचा लेख ज्या नियतकालिकाकडे गेला होता, त्याची अट स्पष्ट होती: मोजमापे खुली नसतील तर लेख नाही. आणि लेखावाचून प्रबंध पुढे जात नव्हता.

*

संदीपने सुचवले की प्रत्येक विहीर नकाशावर थोडी बाजूला सरकवू.

“अरे, नाल्याच्या या अंगाची हीर त्या अंगाला गेली तर मी साबित काय करू?” नसरीन म्हणाली. “तुझं डोकं?”

मग त्याने नावे आणि जागा काढून नुसत्या पाण्याच्या चढउताराच्या रेषा तयार केल्या आणि कोणाला काही ओळखू येते का, हे पाहण्यासाठी गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकल्या. संध्याकाळी गाव पारावर जमले आणि ओळखायला बसले. दोन रेषांवर वाद झाला. एक अगदी तळाला गेलेली रेष लोक काकांची ठरवू लागले.

काका स्वतः तिथे बसले होते. बराच वेळ त्यांनी सोसले. शेवटी ते उठले आणि सर्वांत वरच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, “ती नाय. ही माझी हाय.”

*

रीतसर परवानगी मागण्यासाठी मी एक निवेदन लिहिले. उपवाक्ये जागच्या जागी होती, हेतू निःसंदिग्ध होता. संदीपने ते काकांना वाचून दाखवले. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “तारीख कोन्ती पडली?”

कोर्टाची नोटीस आली, अशी त्यांची खात्री झाली होती. ते निवेदन आजही माझ्या मते निर्दोष आहे. परंतु नसरीन म्हणाली, “नाना, मीच बोलते.”

*

शाळेच्या व्हरांड्यात लोक जमले. बाई मागे बसल्या. बोलण्याचे काम त्यांनी नसरीनवर सोडले होते. ती उभी राहिली, ओढणी सावरली आणि म्हणाली, “पानी तुमचं हाय, मोजलं मी. तुम्ही नाय म्हनलात तर मी ते झाकून ठेवीन, कुनालाच दाखवनार नाय. पन मग माझं कामबी झाकलेलंच ऱ्हाईल.”

मग एका कोपऱ्यातून बबनराव म्हणाले, “माझी लाव. माझ्यात हायच काय?” थोडे हसू झाले आणि एकेक जण होकार देऊ लागला. राहिले फक्त रंगनाथकाका. त्यांची विहीर नाल्याला सर्वांत लागून. ती वगळली तर त्या अभ्यासाला अर्थ उरत नव्हता. नसरीन त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

“मागचं समदं लाव,” काका म्हणाले. “मागचं पानी आता कोन मागाया येतंय?”

“आन आजचं, काका? नकाशावर आजचंबी दिसतं.”

बबनराव खाली फरशीकडे पाहत होते.

“आजचं जरा कमी दाखवता येतंय का?” काकांनी विचारले.

“नाय, काका.”

“हातभर?”

“बोटभरबी नाय. जेवढं असंल, तेवढंच दिसंल.”

काकांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग बबनरावांकडे न पाहताच त्यांनी विचारले, “बबन, पाईप हाय का तुझ्याकडं?”

“हाय की.”

“आन मंग. आजच जोड.” आणि नसरीनकडे वळून ते म्हणाले, “तू परवा ये मोजाया.”